न गळणारं धाबं

गोकुळच्या घराचं मातीचं धाबं गावात नावाजलेलं होतं. कितीही झड लागो, आत थेंब पडायचा नाही. गोकुळही काही कमी नव्हता. नांदुऱ्याच्या बाजारात कुणी पाण्यापावसाचा विषय काढला, की गडी फिरवून फिरवून आपल्या छपरावर यायचा.

गुपित साधं होतं. दरवर्षी मृगाआधी तो धाब्यावर खाऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. वडील जानरावही द्यायचे, पण आधी जुना थर खरवडून खाली टाकायचे. गोकुळला ती नुसती हमाली वाटायची. चांगली मुरलेली माती, ती काढायची कशाला? जाड होईल तेवढं बरं. बापाने कारण कधी सांगितलं नाही, याने विचारलं नाही, आणि आता विचारायला बाप राहिला नव्हता.

यंदा श्रावणात झड अशी बसली की उठेचना. पूर्णेचं पाणी शिवारात शिरलं. शेजारच्या पंचफुलाकाकूंच्या टिनाला भोकंच भोकं. मुलगा कुलदीप मलकापूरला जिनिंगमध्ये, घरात म्हातारी एकटी. बरीच मंडळी शाळेत राहायला गेली होती, म्हणून त्याही गाठोडं बांधून निघाल्या. गोकुळने त्यांना ओट्यापाशीच अडवलं.

"शाळेत काऊन जाता काकू? ओल्या फरशीवर निजसान अन् खोकला घेऊन येसान. माह्यं घर कोरडंठाक हाय."

त्याची बायको जयमाला हळूच म्हणाली, "भिंत फुगल्यावानी दिसून राह्यली. आपनच शाळेत जाऊ ना."

गोकुळ हसला. गाठोडं त्याने आत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या अंथरुणावर टपकन थेंब पडला. गोकुळची मानच खाली गेली.

"राहू दे बापू, मले सवय हाय," काकू म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या, पण त्याला ते झोंबलं. जयमाला गोठ्यात होती. तो घमेलं भरून वर चढला, माती ओतली, पायाने दाबली. धाबं पेलणारा लाकडी सरा कडाडला आणि धाब्यासकट गोकुळ खाली आला.

त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तो मातीवर होता, काकू मातीखाली. लोक फावड्यांनी ढीग उपसू लागले तेव्हा त्याला थरावर थर दिसले, दर मृगाचा वेगळा, सगळे त्याच्याच हातचे. बाप काय टाळत होता ते त्याला तिथे उभ्याउभ्या कळलं.

संध्याकाळी कुलदीप आला आणि गोकुळच्या गळ्यातच पडला. "तुनं तिले कोरड्यात नेलं भाऊ. मी पोटचा, पन मले जमलं नाही."

"मी जुनी माती काढली नव्हती, कुलदीप. वजनानं पडलं ते."

"मातीचं काय घेऊन बसला? पान्यापुढं कोनाचं चालते?"

गोकुळने पुन्हा सांगितलं. कुलदीपने त्याच्या पाठीवर हात फिरवला. तिरडी बांधून झाली, तेव्हा मडकं उचलता उचलता तो म्हणाला, "समोरचा खांदा तू दे. तिचा दुसरा पोरगा तूच."

गोकुळने खांदा दिला. म्हातारीला काही वजनच नव्हतं.