डावी नाकपुडी

नात उठल्यापासून आरशाला चिकटलेली असायची, याचा आजीला मनस्वी राग होता. लाँड्रीत चादरींचा ढीग पडलाय, गिऱ्हाईकं दारात ताटकळलीत, आणि ही बया मान वर करून नाकपुड्या बघत बसलीय.

नाकाचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. परवा वरचं प्लास्टर निघालं, तर उजवी नाकपुडी बारीक आणि डावी चांगली फुगीर. डॉक्टर म्हणाले होते, सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही, काही महिने तुलनाच करू नका. पण ऐकेल ती नात कसली!

"आजी, खरं सांग. डावी आईचीच दिसते ना? रोज आरशात आईच समोर येऊन बसायची, म्हणून तर कापून घेतलं. मला मी दिसायला हवी होते गं."

"तुझ्या आईचं नाक तिच्याबरोबर गेलं," आजी फटकन म्हणाली.

साफ खोटं. डावीकडून बघितलं की चार वर्षांपूर्वी गेलेली लेक समोर असायची. श्वास घेताना तश्शीच फुलणारी नाकपुडी. पहिल्या दिवशी आजी दचकून उजवीकडे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल गुपचूप डावीकडे ओढलं. नात बोलायची थांबली तरी त्या बाजूनं आणखी कुणी काही म्हणेल असं वाटून ती इस्त्री धरून उभी राहायची. त्यात एका वकिलाची कॉलर करपली.

आज दुपारी ती आतून आली, तर नात इस्त्रीच्या टेबलावर वाकलेली. इस्त्रीखालून काढलेलं ओलं, वाफाळतं फडकं घडी करून नाकाच्या डाव्या अंगाला दाबून धरलेलं. फुगलेलं कापड असं बसवायचं, हे आजीनंच तिला शिकवलं होतं.

"अगं भवाने! कधीपासून चाललंय हे?"

"कालपासून. कोटाचा फुगा बसतो, मग हा का नाही बसणार?"

आजीनं फडकं हिसकलं. कातडी लालबुंद झाली होती. तशीच ओढत तिला डॉक्टरांकडे नेलं.

"नशीब, टाके शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण शेकल्यानं सूज वाढलीय. ही बाजू आता आणखी उशिरा उतरेल."

नात रडायला लागली. आणि आजीला, एक क्षणभर, बरं वाटलं. लेक अजून थोडे दिवस राहणार. मग आपल्याला काय वाटलं ते तिचं तिलाच कळलं, आणि ती नातीला घेऊन तडक बाहेर पडली.

बाहेर रस्त्यावर तिनं नातीला थांबवलं, समोर उभं केलं आणि दोन्ही बाजूंनी नीट बघितलं.

"तू मूर्ख आहेस, त्यात वाद नाही. पण मी तुझ्याही वरताण. सूज राहणार म्हटल्यावर मला आनंद झाला. लेक हवी होती मला, तुझ्या तोंडावर का होईना. आता ऐक. ती यात नाही. हे नुसतं सुजलेलं नाक आहे, आणि ते तुझं आहे. पुन्हा त्याला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे!"