मागच्या आसनाचे पट्टे

विमानं नवी घ्यावीत की वापरलेली, यावर आमच्या हवाई दलात दोन वर्षं काथ्याकूट चालला होता. वापरलेल्यांच्या बाजूने सगळ्यात जास्त घसा मीच कोरडा केला. तीन नव्यांच्या पैशांत बारा जुनी प्रशिक्षण विमानं येतात, आणि तीस वर्षं यंत्रं उघडून बसणाऱ्या मला नव्या रंगाचं काय कौतुक? शेवटी चाचणीसाठी एक जुनं आलं. मी सही केली की उरलेली अकरा येणार होती.

वैमानिक एकटा उडणार असला की मागचं, शिक्षकाचं आसन रिकामं राहतं. त्याचे पट्टे आम्ही आवळून बांधतो, नाहीतर विमान वळवायच्या दांड्यात अडकतात. पहिल्या चाचणीनंतर वर चढून पाहिलं. पट्टे बांधलेलेच होते, पण सैल झालेले, जाडजूड माणूस मावेल इतके. दुसऱ्या दिवशी मी गुडघा लावून आवळले. पुन्हा तेच. मला भीती वाटली, सरळ सांगतो.

मग विमानाची जुनी नोंदवही काढली. आठ महिन्यांपूर्वी एक शिक्षक याच आसनावर, उडत्या विमानात, हृदय बंद पडून गेला होता.

"कर्नलसाहेब, हा मेलेल्या माणसाचा घोडा आहे," मी मम्बेतकुलला म्हणालो. "आपल्यात वर्षभर त्यावर कुणी बसत नाही."

"आणि वर्षश्राद्धाच्या जेवणाला कापून मेलेल्या धन्याकडे पाठवतात, ठाऊक आहे मला. याला कुठून कापू, तोके? शेपटीकडून?" तो हसला. "जुनी घ्या म्हणून तुम्हीच माझं डोकं खाल्लंत. करा सही."

केली. म्हातारा भुताला भ्याला असं लोक म्हणतील, याची लाज वाटली. शुक्रवारी त्याच विमानातून माझी मुलगी नूरझात पहिल्यांदा एकटी उडणार होती, हे माहीत असून केली.

शुक्रवारी भरदुपारी डोंगरावरून ढग उतरले. विमान दिसेना, रेडिओवर पोरगी बोलेना. वीस मिनिटं मी धावपट्टीच्या कडेला स्वतःला शिव्या घालत उभा होतो. मग ढगातून ते आलं आणि इतकं अलगद टेकलं की चाकांचा आवाजही झाला नाही. शिकाऊ हाताचं ते काम नव्हतं.

मी शिडी लावली. मागचे पट्टे सैल होते.

"घाबरलीस का गं?"

"आधी घाबरले, अताके. मग आगाय म्हणाले, हात सोड, मी नेतो खाली. सोडले."

"कुठले आगाय, कुठले शिक्षक? मागे कुणी नव्हतं. पट्टे मी स्वतः आवळलेत."

"त्यावरूनच कुरकुरत होते. छाती आवळते म्हणे."

नोंदवहीबद्दल मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी तिचा दंड धरला. या विमानात पुन्हा पाय ठेवायचा नाही, म्हटलं, मी सही मागे घेतो.

ती शिडीवरच थांबली.

"नाही जमायचं, अताके. वर्ष भरायला चार महिने उरलेत म्हणाले. तेवढ्यात सगळं शिकवतो, मग बरोबरच जाऊ. मी हो म्हणून बसलेय."