डावीकडचा आवाज

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. गाड्यांमधली गाण्याची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. रस्त्यावरून गाडी नुसती गेली तरी तिच्या मागच्या स्पीकरचा कागद फाटलाय, हे तो दुकानात बसून सांगायचा. लोक म्हणायचे, गाणारे पुष्कळ, ऐकणारा हा एकच. त्यालाही ते पटलं होतं. कौतुक पटायला माणसाला वेळ लागत नाही.

त्या गुरुवारी मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुकानाच्या वरच घर, आणि घरात बायको बॅग भरत होती. रविवारी दोघं परगावाहून गाडीने परत आली, तेव्हापासून तिने अबोला धरला होता. तशी ती गेली दोन वर्षं कमीच बोलायची. काल मात्र एकदम म्हणाली, "उद्या चारच्या बसने ताईकडे जातेय." का, किती दिवस, ताकास तूर नाही. त्याने रविवार आठवून आठवून पाहिला. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. तो गाडी चालवत होता, ती शेजारी बसली होती, एवढंच. मग त्यानेही ठरवलं, आपण विचारायचं नाही. असा बाणा धरणं सोपं असतं. तो घेऊन रोज समोरासमोर जेवायला बसणं कठीण.

दहाच्या सुमारास नेहमीचा टॅक्सीवाला आला.

"दादा, डिकीतल्या अॅम्पचा लाल दिवा लागलाय. गाणं बंद. चारच्या आत करून द्या हं, वहिनींनाच स्टँडवर सोडायचंय."

"तुला सांगितलं तिने?"

"कालच. डिकी मोकळी ठेव म्हणाल्या, मोठी बॅग आहे."

कानसेनच्या हातातला पेचकस तसाच राहिला. ताईकडे चार दिवस जायचं तर बायको एक कापडी पिशवी नेत असे. मोठी बॅग लग्नानंतर एकदाच माळ्यावरून खाली आली होती, घर बदललं तेव्हा.  वर जाऊन विचारावं असं फार वाटलं, पण समोर टॅक्सीवाला उभा होता, आणि बाणाही होताच. त्याने डिकी उघडली.

लाल दिवा म्हणजे अॅम्पने, आवाज मोठा करणाऱ्या त्या पेटीने, जीव वाचवण्यासाठी स्वतःच दार लावून घेणं. का लावलं, ते बाहेरच्याने शोधायचं. त्याने आधी स्पीकरच्या वायरी सोडवल्या. दिवा लालच. म्हणजे दोष बाहेर नाही, पोटात. अॅम्प काढून टेबलावर आणला, झाकण उघडलं. एका ट्रान्झिस्टरला लावताच मीटर किंचाळायला लागला. ट्रान्झिस्टर आतून जळून आरपार एक झाला होता. त्याला पत्र्याशी घट्ट धरणारा स्क्रू ढिला होता. पत्र्याला टेकला नाही की उष्णता जायला वाट नाही. कानसेनने तो आणि त्याचा जोडीदार असे दोन्ही ट्रान्झिस्टर काढले, नवे सोल्डर केले, स्क्रू आवळला. अॅम्प पुन्हा डिकीत बसवला. हिरवा दिवा लागला, टॅक्सीत गाणं सुरू झालं.

टॅक्सीवाला खूश झाला. पण स्टिअरिंगमागे बसलेल्या कानसेनच्या कपाळाला आठी पडली.

"डावी बाजू मेली आहे," तो म्हणाला.

"मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय."

"तुझा जन्म हॉर्न ऐकण्यात गेला. एकदा कान दाखवून घे."

एरवी टेबलावरच्या एकाच स्पीकरवर काम ऐकून तो गाडी देऊन टाकायचा. आज ती टॅक्सी बायकोला नेणार होती. निदान टॅक्सीत तरी आपल्या हातची खोट राहू नये, असं त्याला वाटत होतं. बाकी कुठे खोट राहिली, ते कळायला मार्ग नव्हता.

त्याची पद्धत साधी होती: संशय आला की अदलाबदल करायची. त्याने अॅम्पवरच्या डाव्या-उजव्या वायरी बदलल्या. डावीकडचा आवाज तसाच, रजईखालून आल्यासारखा. मग स्पीकरच खराब. दारांचे पत्रे उघडून त्याने स्पीकरही इकडचा तिकडे केला. तरी डावीकडेच मेलेला. मीटर लावून पाहिला, दोन्हीकडे आकडा सारखा. शेजारच्या सीटवर, बायको बसते त्या बाजूला बसून ऐकलं. तिथेही तेच. तो पुन्हा स्टिअरिंगमागे आला. साडेतीन वाजले. तीस वर्षांत असा दोष त्याने पाहिला नव्हता.

मागे जाणारी वायर बघायला तो सीटवर गुडघे टेकून डिकीकडे तोंड करून वळला, आणि गाणं उडी मारून पलीकडे गेलं.

मेलेली बाजू लख्ख वाजू लागली. लख्ख होती ती मेली. कानसेन पुढे वळला. पुन्हा डावी मेली. मागे वळला. पुन्हा जिवंत. गाडीतल्या सगळ्या वस्तूंची त्याने अदलाबदल केली होती, फक्त स्वतःची सोडून.

त्याने सावकाश बोट उजव्या कानात घट्ट घातलं. गाणं गेलं. बंद पडलं असेल म्हणून त्याने वाकून डाव्या दाराच्या जाळीवर हात ठेवला, तर जाळी हाताखाली थरथरत होती. समोर टॅक्सीवाल्याचं तोंड हलत होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. त्याने बोट काढलं.

"...म्हटलं, काय झालं दादा? चेहरा पांढरा पडलाय."

 दुकानात कानसेनच्या टेबलाच्या डावीकडे भिंत होती; गिऱ्हाईक उभं राहायचं ते उजवीकडे. फोन उजव्या कानाला. भिंतीलाही कान असतात म्हणतात. तसं असेल तर त्याच्या डावीकडे दोन वर्षं ऐकणारी तीच काय ती होती. आणि गाडी चालवताना डावीकडे कोण बसतं, हे त्याच्या मागोमाग ध्यानात आलं. 

तेवढ्यात बायको जिना उतरून आली. टॅक्सीवाल्याने तिची बॅग उचलली.

"रविवारी गाडीत तू काही बोलली होतीस?" कानसेनने विचारलं.

"आता कशाला तो विषय?" तिने डावं दार उघडलं. "उत्तर दिलंत ना तेव्हाच."

"मी? मी काय म्हणालो?"

"हं म्हणालात. नेहमी म्हणता तसं."

"मी ऐकलंच नव्हतं गं."

"दोन वर्षं हेच चाललंय. ऐकलं नाही तर हं कसं म्हणता?"

कसं म्हणतो, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. गाडीत आपण तसं म्हणत असतो, हेच त्याला आज कळत होतं. त्याने गाणं चालूच ठेवलं, पुढे पाहिलं आणि बोट पुन्हा उजव्या कानात घातलं. "आता बोल. काहीही बोल."

मग तो वाट पाहत राहिला. तिच्या बाजूने काहीच आलं नाही. तरी नजरेच्या कडेला तिचा चेहरा आपल्याकडे वळलेला जाणवला, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हं."

त्याने वळून पाहिलं तेव्हा तिने पदर तोंडावर धरला होता. डोळे विस्फारलेले. त्याने बोट काढलं.

"काय बोललीस?"

 दार उघडंच टाकून ती गाडीला वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली.

"आत्ता मी म्हटलं, तुमच्या शर्टाला आग लागली आहे." ती म्हणाली. "आणि रविवारी विचारलं होतं, मी कायमची ताईकडे राहायला गेले तर तुम्हाला चालेल का."

कानसेनने स्टिअरिंग घट्ट धरलं. या प्रश्नाला त्याने होकार दिला होता, आणि नंतर चार दिवस तिच्यावरच फुगून बसला होता.

"नाही चालणार," तो म्हणाला. मग तिने ऐकलं की नाही, अशी शंका येऊन पुन्हा म्हणाला, "नाही चालणार गं."

"बरं," ती म्हणाली. "आधी तो कान डॉक्टरला दाखवू."

"तिकडे बसून अजून काय काय बोललीस दोन वर्षांत?"

"बरंच आहे."

तो डावीकडच्या सीटवर सरकला आणि ती स्टिअरिंगमागे बसली. तिने आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. टॅक्सीवाला मोठी बॅग हातात धरून बाहेरच उभा राहिला. चारची बस निघायची वेळ झाली होती, पण त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

कानसेनने गाणं बंद केलं. "सुरुवातीपासून सांग," तो म्हणाला.