रंग कसे आले?

लॅबच्या काउंटरवर बाटली ठेवत विश्रामकाका म्हणाले, “मोहना, हे तुझ्या हातचं होऊ दे.”

मोहनाने आधी काकांकडे पाहिलं, मग बाटलीकडे. बोटाएवढी प्लास्टिकची बाटली, आत पाण्यासारखं दिसणारं औषध आणि तळाशी तांदळाच्या कणीएवढे पांढरट तुकडे. अशा बाटल्या लॅबमध्ये रोज येत. कुणाचा मुलगा घेऊन येई, कुणाचा जावई. पेशंट स्वतःच आपला तुकडा हातात धरून चालत आलाय, असं क्वचितच व्हायचं.

“काका, हे कधी केलंत?”

“आत्ताच. तोंडातून नळी घातली आणि पोटातून चिमूटभर काढून घेतलं. डॉक्टर म्हणाले, कुठल्याही लॅबमध्ये द्या. मी म्हटलं, आमची तर घरचीच लॅब आहे.”

“आणि काकू?”

“खंडेराव मार्केटला गेलीय, सुरण आणायला. गॅसेससाठी तपासून येतो म्हणून सांगितलंय तिला. ते काही अगदीच खोटं नाही.”

ते हसले आणि निरोपाचा हात वर केला. तसं मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपराशी गेलं. ते त्यांनी सवयीने परत खाली ओढलं. त्या सवयीचीच मोहनाला भीती वाटली. म्हणजे हे वाळणं आजचं नव्हतं.

विश्रामकाका मोहनाच्या खालच्या मजल्यावर राहत. प्रतापनगरला रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांचा जन्म गेला होता. पुलांचे गर्डर, डब्यांची दारं, बोल्टांचे आटे असं सगळं पट्टी लावून, केसाचाही फरक न करता काढायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने रंग आणले आणि गावातलं सूरसागर तळं काढायला बसले. शालिनीकाकूंनी चित्र बघून विचारलं, “हे तळं आहे की इडलीचं पातेलं?” काकांनाही ते पटलं. हात पट्टीशिवाय चालतच नव्हता. मग एके दिवशी ब्रश पुसता पुसता त्यांचं लक्ष हातातल्या फाटक्या बनियनकडे गेलं. त्यावर निळा, तांबूस, राखाडी असे डाग एकमेकांत उतरले होते. समोरच्या चित्रापेक्षा ती चिंधी त्यांना जास्त खरी वाटली. त्या दिवसापासून त्यांनी वस्तू काढणं सोडलं ते सोडलंच.

“निदान एखादा मोर तरी काढा,” काकू म्हणायच्या. “आल्यागेल्याला सांगता तरी येतं, की बाबा हा मोर.”

मोहनालाही सुरुवातीला कळायचं नाही. एकदा लोणचं द्यायला गेली असताना तिने विचारलंच, “काका, पण हे आहे काय?”

काका रागावले नाहीत. ब्रश बाजूला ठेवून म्हणाले, “तू आलाप ऐकतेस ना? त्यात कुठे झाड असतं, कुठे नदी असते? तरी गळा दाटून येतो. मग डोळ्यालाच का सांगावं लागतं, की हे झाड आणि ही नदी? अगं, कॅमेरा आला आणि हुबेहूब काढायचं काम त्याने उचललं. तेव्हा काही चित्रकारांना प्रश्न पडला, आता आपण काय करायचं? त्यांनी झाड काढून टाकलं, माणूस काढून टाकला. तरी रंग मागे उरलेच. लोक म्हणाले, वेडे झाले. मी म्हणतो, सुटले.”

मोहना त्या चित्राकडे बघत राहिली. आणि वीस वर्षांत कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडून निघून गेली.

“मला रोज असं दिसतं, काका.”

लॅबमध्ये नवीन असताना तिने पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून स्लाइड पाहिली होती. जांभळा आणि गुलाबी, दुसरं काही नाही, पण त्या दोन रंगांत केवढी वळणं, केवढ्या वाटा! “किती सुंदर!” असं ती चटकन म्हणून गेली. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या टेक्निशियन बाई तिच्यावर खेकसल्या होत्या, “सुंदर काय? कुणाचा तरी कॅन्सर आहे तो.” मोहनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यानंतर ती कधी बोलली नाही. सुंदर दिसायचं मात्र थांबलं नाही.

काकांनी हट्टच धरला. एका शनिवारी दुपारी डॉक्टर मजमुदारबेनची परवानगी काढून मोहनाने त्यांना लॅबमध्ये नेलं आणि शिकाऊ मुलांसाठी ठेवलेली एक जुनी स्लाइड लावून दिली. निरोगी आतड्याची होती. काका बघत बसले ते चहा गार होईपर्यंत.

“कुणाचं आहे हे?”

“माहीत नाही. नाव कधीच पुसलं गेलंय.”

“बरं झालं,” काका म्हणाले. “नाव असतं तर मला एवढं बघता आलं नसतं.”

त्या दिवाळीत त्यांनी जांभळ्या-गुलाबी चित्रांचा सपाटा लावला. त्यातलं एक काकूंनी चक्क हॉलमध्ये लावलं, सोफ्याच्या कव्हरला शोभतं म्हणून.

आणि आता ती बाटली मोहनाच्या टेबलावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते तुकडे मेणाच्या वडीत बसवले. हे काम ती डोळे मिटूनही करू शकली असती, पण त्या दिवशी तिने ते एखाद्या नवशिकीसारखं केलं. कापणीच्या यंत्राचं चाक फिरलं, पात्यावरून मेणाची पातळ पट्टी सुटली आणि कोमट पाण्यावर दुधाच्या सायीसारखी पसरली. तिने ती काचेवर अलगद उचलून घेतली. आधी जांभळा रंग, मग धुणं, मग गुलाबी. बाजूच्या मुलीने काहीतरी विचारलं, ते मोहनाला ऐकूही आलं नाही.

रंग नीट चढलाय की नाही, एवढं बघायला एकदा डोळा लावायचा आणि स्लाइड डॉक्टरबेनच्या टेबलावर ठेवायची. निदान करणं तिचं काम नव्हतं. तिने डोळा लावला.

पहिल्या क्षणी तिला ते आवडलं. फिक्या गुलाबी पटावर जांभळे ठिपके उधळले होते, कुठेही एकसारखे नव्हते, कुठेही गर्दी नव्हती. काकांना हे दाखवायला हवं, असं तिच्या मनात येऊनही गेलं.

मग तिला कळलं की ओळी नाहीत.

पोटाच्या आतल्या पेशी ओळीने असतात. विहिरीच्या काठाशी बायका दाटीवाटीने उभ्या राहाव्यात, तशा. इथे विहिरीच नव्हत्या. सगळ्या सुट्या झाल्या होत्या, एकमेकींची ओळख नसल्यासारख्या, जिथे जाऊ नये तिथे खोलवर शिरलेल्या. मोहनाने स्लाइड सरकवली. तिथेही तेच. अजून सरकवली. तिथेही.

ती उठली आणि बेसिनपाशी जाऊन हात धुवत राहिली. हे आपल्याला क्षणभर का होईना, आवडलं होतं, ही गोष्ट साबणाने जाणार नव्हती.

डॉक्टरबेननी दुपारी स्लाइड पाहिली. त्यांनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली. मग मान वर करून त्यांनी गुजरातीत विचारलं, “मोहनाबेन, आ तमारा ओळखाणमां छे ने? पेला चित्रवाळा काका?”

“हा, बेन.”

डॉक्टरबेननी चष्मा काढून डोळे चोळले. “रिपोर्ट परमदिवसे आपीश. एक वार फरी जोई लउं.” पुन्हा बघून त्यात काही बदल होणार नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं. रिपोर्ट परवावर ढकलून त्या काकांना आणखी एक दिवस देत होत्या.

तो मधला दिवस मोहनाला फार जड गेला. सोसायटीत ती मागच्या गेटने शिरली, तरी शालिनीकाकू नेमक्या तिथेच तुळशीला पाणी घालत उभ्या.

“अगं मोहने, तुमच्या लॅबचा रिपोर्ट कधी यायचा? ह्यांना दोन घासांत पोट भरल्यासारखं होतंय. मी तर हिंग वाढवलाय सगळ्यात. गॅसच असणार, नाही का?”

“उद्या येईल, काकू.”

“आज रात्री खिचडी-कढी करते. ती त्यांना आवडते. तुलाही पाठवते, हं. तुझा नवरा शिफ्टला असेल ना?”

मोहना कशीबशी मान हलवून जिन्याकडे वळली. पहिल्या वळणावर काका कठड्याला धरून उभे होते. एवढ्याशा जिन्याने त्यांना दम लागला होता. किंवा ते तिचीच वाट पाहत होते. ती थांबली. बाजूने निघून जाण्याएवढी जागा होती, पण तिच्याने जाववलं नाही.

काकांनी रिपोर्टचं विचारलं नाही. खाली काकू बादली घेऊन आत जाईपर्यंत ते थांबले आणि मग हळूच म्हणाले, “रंग कसे आले?”

मोहनाने तोंड उघडलं. काय बोलायचं हे तिने दिवसभर ठरवलं होतं. मला नाही कळत त्यातलं, डॉक्टर सांगतील, असं म्हणायचं होतं. पण हा प्रश्नच वेगळा होता.

“चांगले आले, काका,” ती म्हणाली. “खूप छान आले.” आणि तिचा आवाज फाटला.

काका तिच्याकडे बघत राहिले. पूर्वी पुलाच्या नकाशातली चूक सापडल्यावर ते असेच बघत असतील, शांतपणे, कुठून कुठवर गेलीय याचा अंदाज घेत. मग त्यांनी मान डोलावली.

“शालिनीला तू सांगू नकोस. डॉक्टर सांगतील. तुझ्या तोंडून ऐकलं तर जन्मभर तुझ्यावर राग राहील तिचा. तिला शेजारी तू हवीस.”

एवढं बोलून ते कठडा धरून खाली उतरले. काकूंचा आवाज आला, “कुठे होतात? चहा टाकते मी.” आणि दार लागलं.

पुढचं सगळं, अशा घरांत होतं तसंच झालं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. औषधाच्या बाटल्या चढवून झाल्या, केस गेले, काकूंनी हिंगाचा डबा मागे सरकवला आणि त्या मिक्सरमधून सगळं पातळ करायला शिकल्या. त्या मोहनावर रागावल्या नाहीत. उलट तीच त्यांच्या नजरेला नजर देताना कचरायची.

काका खिडकीशी बसून रंगवत राहिले. हाताने ब्रश पेलवेना, तेव्हा बोटांनी. भेटायला येणारी माणसं कॅनव्हासकडे बघून आवाज खाली घ्यायची. एका भाच्याने तर काकांच्या देखतच म्हटलं, “यात किती वेदना आहे!” तो गेल्यावर काकांना हसू आवरेना, आणि हसताना पोट धरावं लागलं.

मोहनाच्याही मनात तेच होतं, म्हणून तिने अखेर विचारलं. “काका, हे त्या स्लाइडसारखं आहे का? मी रंग छान आले म्हणाले, त्यावरून?”

“नाही गं बाई,” काका म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. “ते मी कशाला काढू? ते आहेच की आत. तुम्ही सगळे यात माझं दुखणं शोधताय. मी नुसता पिवळा लावतोय.”

“नुसता पिवळा?”

“बघ ना. इतकी वर्षं तो माझ्या हातून मातकट व्हायचा. काल पहिल्यांदा जमला.” त्यांनी बोटाने दाखवलं. “इथे. इथे तो कुणाचाच नाहीये.”

मोहनाने बघितलं. खरंच तिथे पिवळा होता, सकाळी पडद्यातून येतो तसाही नाही, हळदीसारखाही नाही. ती त्याला कशासारखा म्हणणार? दोघं तिथे बराच वेळ बसून होते. दूध तापवायला गेलेल्या काकूंनी दोनदा हाक मारली तरी कुणी उठलं नाही.

काका गेले ते शिमग्याच्या आधी. तेरावं झालं, भाचा परत गेला, आणि एका दुपारी काकूंनी मोहनाला वरून बोलावून घेतलं. खिडकीजवळची खुर्ची हलवली होती. रंगाच्या नळ्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. काकूंच्या हातात तो पिवळा कॅनव्हास होता.

“हा लावायचाय भिंतीवर,” त्या म्हणाल्या. “पण याची वरची बाजू कोणती गं?”

मोहनाने पाहिलं. कोपऱ्यात सही नव्हती. मागे उलटून पाहिलं, तर नुसतं कोरं कापड. तिने तो उभा धरला, मग आडवा, मग उलटा. प्रत्येक वेळी तो बरोबर वाटत होता.

“तू बसायचीस ना त्यांच्यापाशी? कसा धरायचे?”

“मांडीवर घ्यायचे, काकू. फिरवत फिरवत रंगवायचे.”

“विचारायला हवं होतं,” काकू म्हणाल्या. “मी मेली मोराचंच घेऊन बसले.”

त्यांनी कॅनव्हास मोहनाच्या हातून घेतला, भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला आणि पदराने त्याची कड पुसली. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

“राहू दे आज असा,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “उद्या फिरवून बघू.”