माझी वरची रेघ जोडू नका

मित्रांनो, मी एक ई-रीडर आहे. जुना आहे, एवढं नक्की. बाकी स्वतःबद्दल खात्रीनं सांगावं असं माझ्याकडं फारसं उरलेलं नाही, कारण जो तो मला वेगळंच काहीतरी म्हणतो. माझे पहिले मालक अनंतराव मला 'पुस्तक' म्हणत. त्यांच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या दगडाबाई मला 'पाटी' म्हणत. आता जिथं राहतो तिथले शेजारी मला बिघडलेला मोबाईल समजतात. मी सगळ्यांचंच ऐकत आलो, त्यामुळं मी नेमका कोण, याचा माझाच घोळ झाला आहे. तरी सुरुवातीपासून सांगून बघतो. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझी काच बसवली. या काचेला मोबाईलसारखा झगझगाट नाही. माझं पान कागदासारखं शांत असतं आणि त्यावर काळी अक्षरं उमटतात. खोक्यात बसून मी छत्रपती संभाजीनगरला आलो, ज्योतीनगरातल्या अनंतरावांच्या घरी. ते बँकेतून निवृत्त झाले होते. आल्यागेल्याच्या हातात मला देऊन ते म्हणत, "वजन बघा जरा, अख्खं कपाट मावलंय यात." मी आपला फुशारून जाई. मग त्यांच्या मुलीनं त्यांना मोठा मोबाईल घेऊन दिला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. तिथं जुने चार्जर होते, एक काडी मोडलेला चष्मा होता. आमचं आपसांत काही बोलणं नव्हतं.

एके दिवशी ड्रॉवर उघडला. उघडणारी होती अनंतरावांची मुलगी चारुता. ती कॉलेजात मराठी शिकवते. मला वाटलं, आता पुन्हा चार चांगली पुस्तकं पोटात येतील. पण माझ्यात आली एकच ओवी. एवढ्या मोठ्या कपाटात एकच ओवी कशाला, हे मला तेव्हा काही केल्या कळेना. नंतर कळलं ते असं.

चारुता वैजापूरकडच्या गावांत फिरून धनगरी ओव्या, म्हणजे गोष्ट सांगणारी लांबलचक गाणी, रेकॉर्ड करायची. तिथं तिला सोनाजीबाबा भेटले होते. बाबा मेंढरं राखायचे आणि ओवी म्हणायचे. त्यांनी सूर लावला की मागची माणसं ओळीचा शेवट ओढून धरायची. त्याला झील धरणं म्हणतात. मागच्या वर्षी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मेंढरं विकली. मुलगा शिवशंकर चिकलठाण्याला कारखान्यात कामाला आहे, त्यानं आईबापांना आपल्या खोलीवर आणलं. चारुता भेटायला गेली, तेव्हा तिला वाटलं, बाबांना त्यांचाच आवाज ऐकवावा, बरं वाटेल. तिनं मोबाईलवर ओवी लावली. पहिली ओळ कानावर पडताच बाबांनी डावा हात असा झटकला की मोबाईल कोपऱ्यात जाऊन पडला. मग भिंतीकडं तोंड करून ते रडले. त्या दिवसापासून त्यांनी ऐकणंच सोडलं. कुणी बोललं की डोळे मिटायचे. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, की यांच्याशी सारखं बोलत राहा, बोलणं परत यायचं असेल तर याच वाटेनं येईल. पण ऐकणाऱ्यानंच कवाडं लावली तर बोलणाऱ्यानं करायचं काय?

तेव्हा बाबांची बायको बानाबाई चारुताला म्हणाली, "त्येंला सोताचा गेलेला आवाज सोसंना, ताई. माझ्या तोंडून गेली तर ऐकतील. मला ती ओवी पाठ न्हाई, तेवढी अक्षरात घालून द्या. मी वाचीन."

चारुतानं आधी कागदावर छापून दिली, तर कागद पंख्यानं खोलीभर उडाले. मोबाईलवर दिली, तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. म्हणून तिला मी आठवलो.

इथून पुढं मित्रांनो, माझा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत संपलेला नाही. अक्षरांच्या वळणाला फाँट म्हणतात. माझ्यात मुळात मराठीसाठी एकच फाँट होता, बारीक आणि किडकिडीत. चारुता म्हणाली, हा चालणार नाही. तिनं मला वायरीनं लॅपटॉपला जोडलं आणि दुसरा फाँट माझ्यात ओतला. तो तिच्या कॉलेजातल्या जुन्या टायपिंगमधला होता. मी पान उघडलं, तर ओवीच्या जागी नुसते चौकोन. एकाखाली एक रिकाम्या खिडक्या! माझ्या पोटात ओवी होती, मला ती कळत होती, पण तोंडातून चौकोनच बाहेर पडत होते. चारुतानं कपाळावर हात मारला आणि तिसरा फाँट घातला. त्यात वेलांट्या अक्षर सोडून लांब जाऊन बसल्या. चौथ्यात जोडाक्षरांचे पाय मोडले. रोज सकाळी नवा चेहरा, संध्याकाळी तो पुसायचा. माझा खरा चेहरा कुठला, हे मी कुणाला विचारणार? शेवटी एक फाँट बसला. काय देखणा होता तो! नाजूक वळणं, वर सलग सरळ रेघ. अनंतरावसुद्धा चष्मा वर करून म्हणाले, वा, असं अक्षर हल्ली बघायला मिळत नाही. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

रविवारी चारुता मला चिकलठाण्याला घेऊन गेली. बानाबाईनं पदराला हात पुसून मला उचललं. लांब धरलं, जवळ धरलं, दारातल्या उजेडात नेलं.

"ह्ये काय दिसंना," ती म्हणाली.

माझा जीव एवढासा झाला. चारुतानं अक्षर मोठं केलं, तर एका पानावर एकच ओळ उरली. मग जाड केलं. ओळींमध्ये अंतर सोडलं, कडेची जागा कमी केली. मध्येच भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि मी आडवा झालो, तो सरळ व्हायला निम्मी दुपार गेली. बानाबाई प्रत्येक वेळी बघायची आणि मान हलवायची. तिच्या तोंडावर राग नव्हता, पण तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. मागं खाटेवर बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांचं जेवणही आता चार घासांवर आलं होतं, असं ती हळूच बोलली. मला वाटलं, आपल्याच्यानं हे होणार नाही, ड्रॉवरच बरा.

"मोठं हाय, जाड बी हाय," बानाबाई शेवटी म्हणाली, "पर लई दाटी झालीया. कुठलं कुणाचं, वळखायचं कसं?"

चारुताला हे कळेना, मला तर त्याहून नाही. मग बानाबाईनं समजावलं. ती शाळेत गेली नव्हती. मेंढरं चरायला निघाली की चार घरांचे कळप एकत्र व्हायचे, म्हणून ज्याच्या त्याच्या मेंढीच्या पाठीवर मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर रंगानं काढायचे. काडीला चिंधी बांधायची, लाल रंगात बुडवायची आणि ओढायचं. हे काम बानाबाईचं होतं. बद्रीनाथचा ब, पारूबाईचा प, असं करत करत तिला बरीच अक्षरं आली. पुढं बचत गटाच्या बायकांनी संध्याकाळी बसवून उरलेली अक्षरं आणि काना-मात्रा शिकवल्या. पण तिच्या लेखी एका मेंढीवर एकच अक्षर. माझ्या पानावर सगळी अक्षरं एकाच रेघेला टांगून खेटून उभी होती, आणि कुठलं कुठं संपतं ते तिला उमगत नव्हतं.

चारुतानं अक्षरांमधलं अंतर वाढवलं. त्याबरोबर माझी वरची रेघ कटाकटा तुटली. अक्षरं सुटी होऊन लांब लांब उभी राहिली, प्रत्येकाच्या डोक्यावर आपलं तुकडाभर छप्पर. शी! आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. चारुतानंही अगबाई म्हणत अंतर पुन्हा कमी केलं. मग थोडं वाढवलं, रेघ तुटली, पुन्हा कमी केलं. ती तरी काय करणार, कॉलेजात अशी रेघ तुटलेली दिसली तर ती लाल पेन उचलते. तिसऱ्यांदा ती रेघ जोडायला गेली, तेव्हा बानाबाईनं तिचं मनगट धरलं.

"राहू द्या."

"आजी, हे चुकीचं दिसतंय. बिघडलंय ते."

"मला दिसतंय की," बानाबाई म्हणाली आणि तिनं बोट ठेवलं. "में... ढी... चा... ल... ली... पु... ढं."

चारुतानं हात मागं घेतला. मी बिघडलो होतो की सुधारलो होतो, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवशंकर कामावर गेला होता. बानाबाई खाटेजवळ फतकल मारून बसली. मला मांडीवर घेतलं आणि वाचायला लागली. एकेक अक्षर उचलायचं, मग शब्द जुळवायचा, मग ओळ चालीवर म्हणायची.

"मेंढी चालली पुढं, घंटा वाजे कोकराची.
आडवी आली नदी, धार काळ्या पाण्याची."

बाबा भिंतीकडं तोंड करूनच होते. डोळे मिटलेले. ती थांबली की खोलीत पंख्याचाच आवाज. मी मनात म्हटलं, बाई, पालथ्या घड्यावर पाणी ओतते आहेस. ती मात्र वाचत राहिली. पान उलटायला तिनं बोट जिभेला लावलं, जसं कागदाला लावतात, आणि माझ्या काचेवर दाबलं. ओल्या बोटानं मी गडबडलो. एका पानाच्या जागी दोन पानं उलटली. तिला ते कळलं नाही.

"पल्याड पडला तळ, शेकोटी पेटली रातीची."

खाटेवर धप्प आवाज झाला. बाबांचा डावा हात होता. पुन्हा धप्प. बानाबाई घाबरली. मोबाईलची गत तिनं बघितली होती, तिनं मला चटकन पदराखाली घेतलं. पण बाबा आता भिंतीकडं बघत नव्हते. ते कुशीवर वळले होते आणि डाव्या हाताचं बोट मागं, मागं असं हलवत होते. डोळे टक्क उघडे.

"मागं?" तिनं विचारलं. "काय राहिलं मागं?"

बोट थांबेना. तिनं मला बाहेर काढलं आणि पानं मागं घेतली. मधलं पान आलं. ती वाचायला लागली आणि तिचं बोट ओळीवरच थांबलं.

"अगं बया! पान सुटलं, अन् कोकरू अल्याडच राहिलं व्हय?"

बाबांनी होय म्हणून मान हलवली. म्हणजे माणूस सगळं ऐकत होता, पहिल्या ओळीपासून. अख्खा कळप नदीपार गेला आणि कोकरू एकटं काठावर राहिलं, हे त्यांना सोसलं नाही. बानाबाईनं डोळे पुसले, बोट नीट ठेवलं आणि सुटी सुटी अक्षरं उचलून ओळ म्हटली.

"कोकरू घेतलं खांद्यावर, वाट धरली उताराची."

ओळ संपली आणि खाटेवरून सूर आला. त्यात शब्द नव्हता, नुसता लांबलेला आ होता, खरखरीत आणि वाकडा. पण तो चालीवर होता. जन्मभर पुढं राहून ओवी म्हणणाऱ्या माणसानं बायकोच्या मागं झील धरली होती. बानाबाईनं वर बघितलं नाही, बघितलं असतं तर तिची जागा चुकली असती. तिच्या डोळ्यांतला थेंब माझ्या काचेवर पडला आणि पान पुन्हा भलतीकडंच उलटलं. या वेळी मात्र तिनं ते बरोबर मागं घेतलं.

तर मित्रांनो, आता असं रोज चालतं. बाबांना अजून एकही शब्द बोलता येत नाही. पण दुपार झाली की ते माझ्याकडं बोट करतात, आणि भाकरी संपवल्याशिवाय बानाबाई वाचत नाही, म्हणून भाकरीही संपवतात. मला हे सगळं कसं झालं ते आजही कळत नाही. मी पुस्तक आहे, पाटी आहे की कळप आहे, कुणास ठाऊक. भीती मात्र एकच वाटते. परवा शिवशंकरचा दोस्त सुदर्शन आला होता. पोरगा भला आहे. त्यानं मला हातात घेतलं आणि म्हणाला, मावशी, याचं अक्षर पार तुटलंय, आणा, सगळं पुसून नव्यासारखं करून देतो. बानाबाईनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बाबांच्या उशीखाली ठेवलं. पण ती घरात नसताना असा कुणी आला तर?

माझ्यासारखे दुसरे म्हणतात, आम्हाला जपा, आमची काच पुसा, आम्हाला नीट ठेवा. मी तसलं काही मागत नाही. कुणाच्या हातातली वस्तू सुधारायला घ्याल, तेव्हा आधी ती वापरणाऱ्याला विचारा. मी चुकीचा दिसतो, हे मला मान्य आहे. मला दुरुस्त करू नका.