आत्याच्या डिकीवर बसलेला मी

मी सायकल-रॅक बोलतोय. सायकल टांगायला गाडीच्या पाठीवर दोन लोखंडी हात पुढे काढून लटकतो ना, तोच. ओळखलं नसेल तरी चालेल. लोक मला ओळखतात ते नडगीला लागल्यावरच.

कारखान्यात मला वाकवलं, काळा रंग फासला, पट्टे शिवले. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक आकडा, तो डिकीच्या कडेला अडकवायचा. आकड्यावर रबरी टोपी, गाडीला ओरखडा येऊ नये म्हणून. एका हौशी माणसानं मला घेतलं, एकदा वापरलं आणि माळ्यावर फेकलं. तिथं पडून पडून मी जाम कंटाळलो. कुणी बॅग काढायला चढलं की मी मुद्दाम एक पट्टा त्याच्या डोक्यावर सोडायचो. अशाच मस्तीत एका आकड्याची टोपी निघाली आणि घरंगळत पेटीमागे गेली. मला हसूच आलं. टोपी तर आहे, तिचं काय एवढं!

मग त्या माणसानं मला शेजाऱ्यांना देऊन टाकलं. शेजारी म्हणजे एक पोरगी, तिचे बाबा आणि बाबांची मोठी बहीण. पोरगी सायकलची शर्यत खेळते. निवड चाचणी दुसऱ्या गावात होती, आणि घरात गाडी एकच, आत्याची जुनी सेडान. आत्यानं जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. त्या सेडानला ती अशी पुसते की डिकीत तोंड बघून भांग पाडावा. गाडी न्यायला तिची ना नव्हती. पण गाडीच्या पाठीवर रॅक बांधू का, हे विचारायची कुणाची छाती? आत्या मैत्रिणीकडे राहायला गेली होती. तेवढ्यात जाऊन येऊ, असं ठरलं.

मला बांधताना बाबांचा नुसता घाम निघाला. पट्टा उलटा, बकल सुलटं. मी दोनदा त्यांचं बोट चिमटलं, सवयच आहे मला. शेवटी त्यांनी डिकीवर गुडघा टेकून मला असा आवळला की सेडान कण्हली.

चाचणी झाली, पोरीची निवडही झाली. घरी येऊन मला सोडवलं. बिनटोपीच्या आकड्यानं डिकीवर वीतभर लांब, खोल ओरखडा काढला होता, पार पत्रा दिसत होता.

बाबा पायरीवर बसले. म्हणाले, "ताई मला घरात ठेवणार नाही."

पोरगी म्हणाली, "परत बांधा. हा वर असला की दिसत नाही."

म्हणजे बघा, ओरखडा मी काढला आणि झाकायलाही मीच. आधी मला भारीच गंमत वाटली.

आत्या आली. रॅक बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण निवडीचं ऐकलं आणि सगळं विसरली. काढा आता, एवढंच म्हणाली. बाबांनी सांगून टाकलं की बकल अडकलंय, निघतच नाही.

आता मी बसलोय म्हटल्यावर डिकी काही उघडत नाही. आणि डिकीत आत्याची घडीची खुर्ची. संध्याकाळी पोरगी मैदानाला फेऱ्या मारते तेव्हा आत्या त्या खुर्चीत बसून हातात स्टॉपवॉच धरून तिची वेळ घेते. तिचा गुडघा गेलाय, उभं राहवत नाही. आता ती गाडीला टेकून उभी राहते. मधेच पाय बदलते. पोरगी समोरून गेली की हात वर करते, जसं काही झालंच नाही. पोरगी दरवेळी खाली बघते. आणि आत्या टेकते कुठं माहितीये? माझ्याच दांडीला.

त्याहून वाईट म्हणजे, आत्या रोज सकाळी तेलाची कुपी घेऊन येते. माझ्या बकलमध्ये थेंब सोडते, अंगठ्यानं हळू चोळते. पुटपुटते, "सुटशील रे बाबा, घाई नाही." स्वतःच्या गुडघ्याला लावायचं सोडून मला लावते. बकलला काय धाड भरलीय? ओढलं तर आत्ता सुटेल. पण ती बिचारी जोरात ओढतच नाही, तुटेल म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला चिमटा काढावासा वाटला नाही.

आज मैदानावर तिचा गुडघा एकदम लचकला. मला धरलं म्हणून पडली नाही. पोरगी फेरी अर्धी सोडून आली, सायकल आडवी टाकली आणि बकल दाबलं. खट्. लोण्यासारखं सुटलं. मला उतरवून गवतात ठेवलं, डिकी उघडली, खुर्ची मांडली. ओरखडा उन्हात चकचकत होता.

आत्यानं त्यावर बोट फिरवलं. "मला विचारायचं ना."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं."

"म्हणून नाही विचारलं."

आत्या खुर्चीत बसली. ती ओरखड्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. "गाडीचं मी बघीन. पण रोज तेल घालत होते गं मी. खिडकीतून दिसत असेन ना तुला?"

पोरगी हो म्हणाली आणि रडायला लागली. आत्यानं जवळ घेतलं नाही. राहिलेल्या फेऱ्या पूर्ण कर म्हणाली आणि खुर्ची मैदानाकडे पाठ करून वळवली.

तर मी आत्ता असा गवतात उताणा पडलोय. रॅक घेणार असाल तर आधी आकड्यांच्या टोप्या तपासा. आणि गाडी ज्याची असेल त्याला विचारा, नाही म्हणाला तर म्हणू दे. मला माफी मागता येत नाही, मला फक्त खट् करता येतं, आणि तेही दुसऱ्यानं दाबलं तर.

पोरगी पाठीमागून दोनदा गेली. आत्या हलली नाही. स्टॉपवॉच मांडीवर तसंच बंद. आता तिसऱ्यांदा आली, चेन करकरली, आणि आत्या वळून न बघताच म्हणाली,

"गियर चुकतोय तुझा."