बुनलाईकाकांच्या ट्रॅक्टरमधला ताणलेला बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. माझी उंची बोटभर. बेचाळीस वर्षं मी एका निळ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात, काळ्या तेलात राहिलो. पिस्टनचा दांडा खालच्या फिरत्या आसाला घट्ट धरून ठेवायचा, एवढंच माझं काम. दांडा मिनिटाला दोन हजार वेळा मला ओढायचा, पण मी त्याला कधी सोडलं नाही.

ट्रॅक्टर थायलंडच्या इसान भागातल्या बुनलाईकाकांचा. गाव कौतुक करायचं ते त्याच्या रंगाचं. मला कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. दर नांगरणीआधी काका ट्रॅक्टरातल्या देवीला, मे यानांगला, केळी आणि फुलांची माळ वाहायचे. इकडे माझी मान बारीक होत चालली होती. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा आखडत नाही. रोज इंजिन सुरू झालं की मी एकच विचार करायचो. मी तुटलो तर दांडा सुटणार, इंजिनची भिंत फोडून बाहेर येणार, आणि तिथून हातभर अंतरावर ट्रॅक्टर चालवणारी काकांची लेक दुआंगजाई हिचा उजवा पाय. हे मला ठाऊक होतं, पण सांगू कसं?

या वर्षी इंजिन उघडलं. गॅरेजवाल्या प्रानीने मला माझ्या जोडीदारांसह काढून रॉकेलने धुतलं. मी चकाकलो आणि तिथेच घात झाला.

“अगदी नवा दिसतोय,” काका म्हणाले. “हेच बोल्ट परत बसव.”

“मी नवे आणलेत, काका.”

“नकोत. देवी जुन्या लोखंडात राहते. ते काढलंस तर ती उठून जाईल.”

“तुमची अख्खी कवळी नवी आहे. मग काल माझ्याकडे जेवून गेलं ते कोण?”

काका हसले नाहीत. “दात वेगळे, देवी वेगळी. बसव म्हटलं ना.”

मी मनातल्या मनात ओरडलो: मला फेका, भंगारात टाका, पण परत आत नको!

प्रानीने वाद घातला नाही. तिने एक कोरा नट माझ्यावर चढवला आणि काकांच्या हातात दिला. “बोटाने फिरवा.”

नट सुरसुर गेला आणि अर्ध्यावर अडला. काकांनी जोर लावला. नट हलेना.

“इथे ताणलाय तो, म्हणून आटे जुळत नाहीत,” प्रानी म्हणाली. “तुटला की दांडा दुआंगजाईच्या पायावर येईल. देवीला विचारा, तिला चालेल का.”

काकांनी मला तळहातावर घेतलं. मग त्यांनी उदबत्ती लावली, ट्रॅक्टरसमोर हात जोडले आणि हळूच म्हणाले, “आई, घर तेच आहे. फक्त खिळे बदलतोय. रागावू नकोस.”

नवे बोल्ट बसले. मला रंगीत कापडात गुंडाळून, माळेसोबत स्टिअरिंगला बांधलं.

मित्रांनो, जुन्यावर जरूर माया करा. पण जो थकलाय त्याच्या भरवशावर कुणाचा जीव ठेवू नका. त्याला वेळेवर उतरवा, ही माझी हात जोडून विनंती.

इंजिन सुरू झालं की मी अजून थरथरतो. बेचाळीस वर्षांची सवय ती. मग दुआंगजाई चढते. तिचा उजवा पाय फळीवर टेकतो आणि संध्याकाळी तसाच धड खाली उतरतो. मी रोज बघतो.